पुस्तकांची यादी ठेवायची कुठे?

मैत्रिणींनो, कोपरगाव तालुक्यातल्या चार गावांच्या बचत गटांनी मिळून वाचनालय चालवायचं, तर पुस्तकांची यादी एकच हवी. त्यासाठी विकी सोयीचं. मराठी विकिपीडियासारखं एकाच पानावर सगळ्यांनी लिहायचं. कुणी चुकून खोडलं तरी जुनं पान परत आणता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी सुप्रभातखाली गाडली जाते! पण फुकटच्या जागेवर यादी चढवण्याआधी बघा, मोबाइलवर मराठीत नाव शोधता येतं का? आणि मुख्य म्हणजे, सगळी यादी उतरवून घेता येते का? विकिस्पेसेस ही अशीच सेवा, शाळांमध्ये खूप वापरली जायची. जुलै २०१८ अखेर तिने फुकटची पानं बंद केली. आपण दर महिन्याच्या बैठकीआधी झेरॉक्सच्या दुकानातून यादी छापून वहीत चिकटवायची.