माळवदाखालचं नेटवर्क

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत धारूर तालुक्यातल्या आमच्या घरी मी नेटवर्क टाकलं. पोरगा इंजिनियरिंगला असल्याचा हा पहिलाच उपयोग, असं आईचं मत!

घर जुनं, माळवदाचं. भिंती दोन-दोन हात रुंद. राउटर ओसरीत आणि बहिणीची अभ्यासाची खोली पार मागे. तिचं बारावीचं वर्ष. व्हिडिओ लेक्चर लावलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. उन्हाळ्यात गारवा देणारी भिंत वाय-फायच्या लहरी गिळून टाकते. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ च्या मानाने लवकर दमतात. अशा घरात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे केबल.

सामान थोडंच लागतं. कॅट-५ई केबल, आरजे-४५ कनेक्टर आणि क्रिंपिंग टूल (मी होस्टेलवरून उसनं नेलं). केबल शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण तिची तार लवकर तुटते. राउटरच्या पाठीमागे लॅनची पोर्ट रिकामीच होती, म्हणून स्विच लागला नाही. एक सलग केबल १०० मीटरपर्यंत चालते. फक्त ती लाइटच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका.

आता माझी फजिती. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. मी त्या जोडीजोडीने ओळीत बसवल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तंतोतंत सारख्या. टेस्टरचे आठही दिवे लागले. मी खूश! पण लेक्चर अडकतच होतं. राउटरला पिंग केलं तर मधूनमधून उत्तरच येईना. "दादा, यापेक्षा मोबाइल बरा होता," बहीण म्हणाली.

चूक कुठे होती? प्रत्येक जोडीच्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच येतो, आणि पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. टेलिफोनसाठी ही युक्ती ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केली होती. १०० एमबीपीएसचं नेटवर्क १-२ आणि ३-६ या पिनांच्या जोड्या वापरतं. माझ्या केबलमध्ये ३ वर हिरव्या जोडीतली तार आणि ६ वर निळ्या जोडीतली! पीळ एकीशी, संसार दुसरीशी. साधा टेस्टर करंट पोचला की नाही एवढंच बघतो. कोण कुणाशी पिळलंय हे त्याला कळत नाही.

बरोबर क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. कनेक्टरजवळ पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका.

दोन्ही टोकं कापून नव्याने क्रिंप केली आणि पिंग एकदाही चुकलं नाही. मग मागच्या खोलीत मोबाइललाही वाय-फाय मिळावं म्हणून अडगळीतला जुना राउटर काढला. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, म्हणून जुन्याला १९२.१६८.१.२ दिला, त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावली. डीएचसीपी चालू राहिलं तर एका घरात दोन कारभारी पत्ते वाटत बसतात आणि गोंधळ होतो.

एक खूण लक्षात ठेवा. कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी केबल तपासा, मग कंपनीला फोन करा. आणि बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी घरातलं नेटवर्क चालूच असतं. बहिणीची डाउनलोड केलेली लेक्चरं ओसरीतल्या कॉम्प्युटरवर असतात. ती मागच्या खोलीत बसून बघते.

होस्टेलवर कुणाला केबल करायची असेल तर टूल माझ्याकडे आहे. रंगांचा क्रम मात्र पाठ करून या!