ड्रुइडांच्या राया, आपल्या देवरहाटी

इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस वेल्सलगतच्या मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर, फौज घेऊन उतरला. किनाऱ्यावर मशाली नाचवणाऱ्या बायका आणि आकाशाकडे हात करून शाप देणारे ड्रुइड पाहून त्याचे शिपाई जागच्या जागी थिजले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. मग कत्तल झाली, आणि कत्तलीनंतर बेटावरच्या राया तोडल्या गेल्या. माणसे मारून रोमनांचे भागले नाही. केल्टांचा धर्म कुठे वस्तीला होता, हे त्यांना नेमके कळले होते.

ड्रुइड म्हणजे गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमधल्या केल्ट टोळ्यांचे पुरोहित, न्यायाधीश आणि गुरू. ज्युलियस सीझर लिहितो की त्यांचे काही शिष्य वीस वीस वर्षे शिकत, आणि सगळी विद्या मुखोद्गत करत. लिपी ठाऊक असूनही धर्माची शिकवण लिहायची नाही, असा दंडक होता. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, असे ते शिकवत. ओकच्या झाडावर वाढलेले बांडगूळ पांढरी वस्त्रे नेसलेला ड्रुइड सोन्याच्या विळ्याने कापतो, हे वर्णन रोमन लेखक प्लिनीचे. ड्रुइडांचा निवाडा न मानणाऱ्याला यज्ञाला येण्याची बंदी होई आणि लोक त्याच्याशी बोलणेही टाकत. रायगड जिल्ह्यातल्या वाचकाला ही शिक्षा समजावून सांगायला नको. गावकीने वाळीत टाकण्याच्या प्रकारांविरुद्ध आपल्याला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. रायांचा धर्म प्रेमळच असतो असे मानण्याचे कारण नाही. ड्रुइडांच्या नरबळीच्या कथाही आहेत, पण त्या सांगणारे ड्रुइडांचे शत्रू होते.

विद्या लिहिलेली नव्हती, त्यामुळे राया आणि गुरू गेले तशी तीही गेली. अठराव्या शतकात विल्यम स्टकलीने स्टोनहेंज ड्रुइडांच्या नावावर चढवले, पण ते दगड ड्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाआधी दोन हजारांहून अधिक वर्षे तिथे उभे होते. १७९२ मध्ये इओलो मॉर्गनुग या वेल्श कवीने लंडनच्या प्रिमरोज हिलवर कवींची सभा भरवली. तिचे विधी प्राचीन म्हणून सांगितले, प्रत्यक्षात ते बहुतांशी त्यानेच रचलेले होते. वेल्सच्या राष्ट्रीय साहित्योत्सवात ते आजही दिमाखात पार पडतात. १९६४ मध्ये रॉस निकल्स यांनी नवा ड्रुइड संघ काढला. २०१० मध्ये इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने ‘द ड्रुइड नेटवर्क’ला धार्मिक संस्था म्हणून मान्यता दिली. या लोकांना नकली म्हणणे मला पटत नाही. तुटलेला धागा शत्रूच्या लिखाणातून शोधत ते पुन्हा झाडाखाली येऊन उभे राहिले आहेत, आणि त्यांची ओढ खरी आहे.

आपल्याकडे हा धागा अजून तुटलेला नाही. मी राहतो ते सुकापूर पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इमारती संपल्या की प्रबळगडाच्या अंगाने ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. तिथल्या भगताची विद्याही तोंडीच चालत आली आहे. सह्याद्रीतल्या ठाकर, महादेव कोळी पाड्यांवर दिवाळीच्या तोंडाशी वाघबारस होते आणि गुरांच्या राखणीसाठी वाघदेवाला नैवेद्य दिला जातो. केल्टांचा साउइन हा सणही याच सुमाराचा, गुरे डोंगरकुरणांवरून खाली आणण्याचा. जवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला तो अक्कादेवीच्या रानात. पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांत नाग्या कातकरी होता. सरकारच्या लेखी ते जंगल होते, गावाच्या लेखी देवीचे ठिकाण.

देवराई, रत्नागिरीकडची देवरहाटी, ही आपल्याकडच्या या तोंडी चालत आलेल्या धर्माची जागा. काळकाई, वाघजाई, सोमजाई यांच्या नावाने राखलेल्या या रानात काडीही उचलायची तर देवीला कौल लावायचा. मूर्तीला चिकटवलेली पाकळी कोणत्या बाजूने पडते ते पाहून गुरव होकार-नकार सांगतो. १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी या राया हिंडून नोंदवल्या. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या राईत वन खात्याने तोडीसाठी झाडांना खुणा केल्या होत्या. गावाचा ओढा त्या राईतून येत असल्याने गावकऱ्यांनी या दोघांना गाठले, आणि राई वाचली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली भालांडेश्वराची राई जेमतेम अडीच हेक्टरांची. जायफळाच्या कुळातल्या दुर्मीळ झाडांची पाणथळ तिथे आहे, म्हणून सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले. संगमेश्वराकडे जुन्या बेहड्यांच्या ढोल्यांत धनेश घरटी करतात. तशी ढोली व्हायला झाड म्हातारे व्हावे लागते, आणि कोकणात झाडाला म्हातारे होऊ देणाऱ्या जागा देवरहाटीशिवाय फार उरलेल्या नाहीत. याच रायांत कोंबडे-बकऱ्याचा बळी जातो आणि बायकांवर निर्बंध असतात. ते बदलायलाच हवे, आणि ते बदलल्याने एकही झाड पडत नाही.

झाडे पडतात ती जीर्णोद्धाराने. पूर्वी दगड, शेंदूर आणि कौलारू छप्पर एवढेच देवस्थान असे. आता स्लॅब, सभामंडप, चकचकीत फरशी आणि गाड्यांसाठी जागा हवी असते, आणि पैसा कमी पडला की राईतली झाडे विकली जातात. मोनावर राया तोडायला परकी फौज यावी लागली होती, इथे तो निर्णय मंदिर समितीच्या बैठकीत होतो. देणगीचा मोठा वाटा मुंबई-पनवेलच्या चाकरमान्यांकडून जातो, त्यामुळे त्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे. त्यांनी पावती फाडण्याआधी समितीकडून लेखी घ्यावे, की सभामंडपासाठी राईतले एकही झाड पडणार नाही. आणि गुरवाकडून, भगताकडून राईचे नियम, झाडांची नावे, कोणत्या आजाराला कोणती साल हे गावातल्याच पोरांनी ही माणसे हयात असताना उतरवून घ्यावे.