घनाकृतींची वजाबाकी आणि इमारतींतील कमानी

बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला विद्याशाखेचा भव्य घुमट दुरूनही नजरेत भरतो. सन १८८१ मध्ये स्थापन झालेल्या बडोदा कॉलेजची ही वास्तू रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने उभारली. विजापूरचा गोल घुमट हा तिचा आदर्श होता. खाली चौरस दालन आणि वर वाटोळा घुमट यांची सांगड कशी घातली जाते, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

भिंतीत दार वा खिडकी ठेवणे म्हणजे तेथील बांधकाम वजा करणे होय. मात्र त्या जागेवरचा भार नाहीसा होत नाही. तो बाजूच्या भिंतींना वाहावा लागतो. म्हणून किती वजा करावयाचे, याबरोबरच कोणत्या आकाराने वजा करावयाचे, हेही महत्त्वाचे ठरते.

शिक्षकांना हे ओल्या मातीच्या ठोकळ्यावर दाखविता येईल. पत्र्याची गोल नळी सरळ आरपार घातली, तर पृष्ठभागावर वर्तुळ उमटते; तिरपी घातली, तर लंबवर्तुळ. ठोकळ्याच्या तळाशी अर्धगोल बोगदा कोरला की कमान तयार होते. असे दोन सारखे बोगदे काटकोनात छेदले, तर चारही बाजूंना कमानी उघडतात आणि छताला दोन कर्णरेषा उमटतात. छताचा भार या रेषांवरून चार कोपऱ्यांवर उतरतो.

आता चौरसाच्या चारही कोपऱ्यांना स्पर्श करणारा अर्धगोल कल्पावा. चौरसाच्या बाजूंवरून तो उभा कापला, तर प्रत्येक कापावर अर्धवर्तुळाकार कमान मिळते. कमानींच्या मध्ये उरलेले चार वक्र त्रिकोण वरच्या वर्तुळाला आधार देतात.

विजापूरच्या कारागिरांनी सन १६५६ च्या सुमारास याहून वेगळी योजना साधली. सुमारे १३५ फूट बाजूच्या दालनावर त्यांनी एकमेकांत गुंतलेल्या दोन चौरसांच्या रेषांवर आठ कमानी परस्परांना छेदत उभारल्या. त्यांच्यामधील बांधकाम आत झुकत जाते, चौरसाचे वर्तुळ होते आणि त्यावर घुमट विसावतो. आत झुकलेल्या या बांधकामाचे वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला आवर घालते.

हे तत्त्व साध्या घरालाही लागू आहे. १९९३ चा लातूर-उस्मानाबाद भागातील आणि २००१ चा गुजरातमधील भूकंप यांनी भिंतींच्या दुर्बलतेची मोठी किंमत वसूल केली. म्हणून दारे-खिडक्या कोपऱ्याला लागून ठेवू नयेत, दोन खिडक्यांमध्ये पुरेशी रुंद भिंत राखावी आणि सर्व दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरवावा. जुन्या भिंतीत नवे दार फोडण्यापूर्वी त्या जागेचा भार कोण उचलणार, हे जाणकाराकडून अवश्य तपासून घ्यावे.