स्प्रेडशीटमधील त्रुटिसंदेश : स्वरूप व निराकरण

स्प्रेडशीटमध्ये उमटणारा त्रुटिसंदेश दोषाचे स्थान दर्शवितो. एक्सेलमध्ये शून्याने भागाकार झाल्यास 'डिव्ह/०' व सूत्रात वापरलेला सेल काढून टाकल्यास 'रेफ' हा संदेश येतो. पहिल्या प्रसंगी भाजक तपासावा, तर दुसऱ्या प्रसंगी काढलेली ओळ वा स्तंभ पूर्ववत करावा. एक्सेल वारंवार बंद पडत असल्यास कंट्रोल कळ दाबून ठेवून ते सुरू करावे. 'सेफ मोड'मध्ये अ‍ॅड-इन वगळले जातात. त्यावरून दोष त्यांच्यातच आहे काय, हे कळते.

संदेशाविना होणारी हानी मात्र अधिक गंभीर असते. एक्सएलएस या जुन्या स्वरूपात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ च्या आवृत्तीपासून एक्सएलएसएक्स स्वरूपात ही मर्यादा १०,४८,५७६ झाली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत जुने स्वरूप वापरल्यामुळे १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी आकडेवारीतून सुटल्या व त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. म्हणून माहिती आयात करताच मूळ नोंदी व शीटमधील ओळी यांची संख्या ताडून पाहणे अनिवार्य ठरते.