दोराच्या पलीकडचं गुलमर्ग

ताजा बर्फ, रंगीबेरंगी स्नोबोर्ड, वाफाळता कहवा आणि एक ठाम ‘नाही’. २०२४च्या फेब्रुवारीतल्या ‘खेलो इंडिया विंटर गेम्स’च्या जत्रेत घालवलेल्या पाच दिवसांची ही गोष्ट.

‘‘पाच दिवस रजा टाकून थंडीत कुडकुडायला चाललीस? त्यापेक्षा गोव्याला जा की!’’ रजेच्या मेलवर बॉसचं हे उत्तर आलं, तेव्हा मी फक्त एक स्मायली पाठवला. आता त्यांना काय सांगणार? गेली तीन वर्षं माझा डेस्कटॉप वॉलपेपर गुलमर्गचाच आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे स्कीइंगचा बेसिक कोर्स करताना मी इतक्या वेळा आपटले होते की आठवडाभर ऑफिसच्या खुर्चीत धड बसता येत नव्हतं. तरीही परत जायचं होतंच.

आम्ही तिघं होतो. मी, माझी रूममेट आणि आमचा ‘डेन्व्हरकर’. हे काही त्याचं आडनाव नव्हे. दोन वर्षं ऑनसाइट डेन्व्हरला काढून आल्यापासून तो प्रत्येक वाक्य ‘तिकडे असताना’नं सुरू करतो, म्हणून हे बारसं आमच्या ग्रुपनं केलंय. पठ्ठ्या स्नोबोर्ड मात्र भन्नाट चालवतो. खेलो इंडियाचं गुलमर्गमधलं वेळापत्रक जाहीर झालं, २१ ते २५ फेब्रुवारी, आणि त्यानं तासाभरात तिकिटं काढली.

बर्फाची जत्रा

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. त्यातले तंगमर्गनंतरचे शेवटचे तेरा किलोमीटर म्हणजे खरी परीक्षा. आम्ही पोचलो २० तारखेच्या संध्याकाळी. त्याआधीचे दोन दिवस बर्फ नुसता कोसळत होता. तंगमर्गला गाडीच्या टायरना साखळ्या बांधल्या, गमबूट भाड्यानं घेतले आणि देवदारांच्या रांगांमधून गाडी गोगलगायीच्या चालीनं वर निघाली. खिडकीबाहेर फक्त पांढरं. रूममेट म्हणाली, ‘‘फ्रीज उघडून आत बसल्यासारखं वाटतंय.’’

गंमत म्हणजे महिनाभरापूर्वी हेच गुलमर्ग चक्क कोरडं पडलं होतं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात, म्हणजे थंडीचा बडा कालखंड. नेमका तोच त्या वर्षी जवळजवळ बर्फाविना गेला. उतारांवर पिवळं गवत दिसत होतं. जानेवारीच्या अखेरीस थोडाफार बर्फ पडला आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम धो धो. आम्ही खूश! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जत्रा सुरू. अल्पाइन स्कीइंग, नॉर्डिक, स्नोबोर्डिंग आणि स्की माउंटेनिअरिंग असे चार खेळ. एकीकडे लष्कराचे आणि आयटीबीपीचे तगडे जवान, दुसरीकडे हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरची शाळकरी वाटावीत अशी पोरंपोरी. फिरनच्या आत कांगडी धरून उभे असलेले आजोबा नातवाला ‘चल, चल’ ओरडतायत. टूर कंपनीच्या टोप्या घातलेले आपले काका-काकू स्लेजवर बसून चिवड्याचा डबा फिरवतायत. मधूनच हिमबिबट्याचा मॅस्कॉट येऊन पोरांबरोबर फोटो काढतोय.

मला सगळ्यात आवडली ती स्की माउंटेनिअरिंगची रेस. इथे लिफ्ट-बिफ्ट काही नाही. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवायची. तिची लव एकाच दिशेची असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. असं चढत जायचं, वर पोचल्यावर पट्टी टराटरा सोलायची, जॅकेटमध्ये कोंबायची आणि सुसाट खाली. दमसासाचा नुसता कस. हाच खेळ २०२६च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला. बॅककंट्री, म्हणजे आखलेल्या उतारांच्या बाहेरच्या मोकळ्या डोंगरातलं स्कीइंग, त्याचंच हे रेसचं रूप.

दोर कुठे संपतो?

गुलमर्गचं जगभर नाव आहे ते या मोकळ्या डोंगरासाठी. गाव आहे सुमारे २६५० मीटरवर. इथल्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. २००५ मध्ये दुसरा टप्पा आला आणि तो कोंगडूरीहून थेट अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडायला लागला. मग काय, युरोप-अमेरिकेतले पावडरवेडे इथे येऊ लागले. इतक्या उंचीवर पाळण्यात बसून जायचं आणि खाली कोरड्या, भुसभुशीत बर्फात आपली रेघ ओढत यायचं!

पण वर पोचलात की एक दोर दिसतो. दोराच्या आतला थोडा भाग पेट्रोलच्या देखरेखीखाली. दोराच्या बाहेरचं सगळं तुमच्या जबाबदारीवर.

डेन्व्हरकरला अर्थातच दोराच्या बाहेर जायचं होतं. त्यासाठी आम्ही एक गाइड ठरवला होता. पन्नाशीचे, मितभाषी, चेहरा उन्हानं रापलेला. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा तिघांना तीन वस्तू दिल्या आणि संध्याकाळचे दोन तास हॉटेलमागच्या अंगणात राबवून घेतलं. एक बीकन, म्हणजे छातीवर बांधायचा छोटा ट्रान्समीटर. बर्फाखाली गाडला गेलात तर दुसऱ्याचा बीकन त्याच्या सिग्नलवरून तुम्हाला शोधतो. दुसरी प्रोब, म्हणजे घडीची लांब काठी, बर्फात खुपसून नेमकी जागा चाचपायला. तिसरं फावडं. चाचांनी एक बीकन पिशवीत घालून पुरला आणि घड्याळ लावलं. आम्हाला तो बाहेर काढायला बावीस मिनिटं लागली.

‘‘गाडलेल्या माणसाकडे दहा-पंधरा मिनिटं असतात,’’ चाचा म्हणाले. ‘‘पुन्हा करा.’’

पाचव्या खेपेला आम्ही नऊ मिनिटांवर आलो. तेव्हा कुठे कहवा मिळाला.

‘नीचे चीनी है’

२२ तारखेची सकाळ. डोक्यावर निळंशार आकाश, मांडीभर ताजा बर्फ, एकही रेघ न उमटलेली. बोर्ड खांद्यावर टाकून डेन्व्हरकर सातलाच तयार. आम्ही चाचांबरोबर जंगलाच्या वरच्या कडेपर्यंत चढून गेलो. तिथे त्यांनी फावड्यानं कमरेइतका खड्डा खणला, त्याची भिंत साफ केली आणि तळाशी हात घातला. ओंजळीत आले ते सुटे, चमचमणारे, जाडसर दाणे.

‘‘देखो, नीचे चीनी है.’’

खरंच, साखरच! प्रकार असा असतो. बर्फाचा थर पातळ असला आणि हवा कडाक्याची थंड, तर जमिनीजवळची ऊब आणि वरची थंडी यांच्या ओढाताणीत खालच्या बर्फाचे असे सुटे दाणे होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर दोन-तीन दिवसांत भरपूर नवा बर्फ साठला, की साखरेच्या पोत्यावर दगडी फरशी टाकल्यासारखं होतं. तीस-पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचं वजनही ती फरशी सुटायला पुरतं. जीवघेणे हिमस्खलन बहुतेक वेळा त्यात सापडणाऱ्यानंच किंवा त्याच्या सोबत्यानंच सुरू केलेलं असतं.

‘‘आज दोराबाहेर नाही,’’ चाचा म्हणाले.

मग जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. डेन्व्हरकर चिडला. ‘तिकडे असताना’ सुरू झालं. आम्ही इतका खर्च केलाय, इतकी रजा टाकलीय, असा बर्फ पुन्हा मिळणार नाही, वगैरे वगैरे. शेवटी दुप्पट पैशांची ऑफरही देऊन झाली. आणि मी? मी गप्प राहिले. कारण आतून मलाही जायचंच होतं.

चाचांनी फावडं घडी करून सॅकमध्ये टाकलं आणि खाली उतरायला लागले.

दुपारी आम्ही फुगलेल्या तोंडानं स्पर्धा बघत होतो. अचानक आसपासचे फोन वाजू लागले. गर्दीत कुजबुज पसरली. वर, कोंगडूरीच्या वरच्या अंगाला हिमस्खलन झालं होतं. रशियन स्कीअर्सचा एक गट त्यात सापडला. पेट्रोलची माणसं आणि जवान धावले. बाकीच्यांना वाचवता आलं, एक जण गेला.

डेन्व्हरकरनं बोर्ड बर्फात उभा रोवला आणि त्याच्या आडोशाला खाली बसला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

खरं तर हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. वर्षभर आधी, १ फेब्रुवारी २०२३ला, अफरवटवरच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले होते. ८ फेब्रुवारी २०१०ला खिलनमर्गला लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. बर्फातच प्रशिक्षण घेणारे जवान! हे सगळं मी निघण्याआधी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि ओंजळीत ती साखर धरणं वेगळं.

संध्याकाळी डेन्व्हरकर एकटाच चाचांकडे गेला. सॉरी म्हणाला आणि दिवसाचे पूर्ण पैसे पुढे केले. आम्हाला वाटलं, चाचा नको म्हणतील. त्यांनी शांतपणे मोजून घेतले.

‘‘आजच तर खरं काम केलं,’’ ते म्हणाले.

जंगलातली रेघ

शेवटच्या दोन दिवसांत आम्ही अफरवटचं नावही काढलं नाही. चाचा आम्हाला गावाखालच्या जंगलातून, हलक्या उताराच्या वाटेनं बाबारेशीच्या दिशेनं घेऊन गेले. एका वेळी एकानंच सुटायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची, हा नियम. देवदारांच्या मधून, गुडघाभर बर्फात, आवाज फक्त स्कीच्या सुर्रर्रचा. मी चारदा पडले आणि चारही वेळा हसतच उठले. खाली एका घरात नून चाय आणि गरम गिरदा मिळाला. गुलाबी, खारट चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो, तिसऱ्या घोटाला सवय होते आणि पुण्यात आल्यावर आठवण येते.

सोमवारी ऑफिस. बॉसनं डेडलाइन दोन दिवस अलीकडे ओढली होती. ‘‘होईल ना?’’ त्यांनी विचारलं. एरवी मी ‘बघते, करते’ म्हणाले असते. त्या दिवशी म्हटलं, ‘‘नाही सर, यात टेस्टिंग होणार नाही.’’

आकाश कोसळलं नाही. डेडलाइन पुन्हा शुक्रवारवर गेली.

जायचंय? मग हे वाचा

- सीझन: साधारण मध्य जानेवारी ते फेब्रुवारीअखेर. पण हल्ली बर्फाचा भरवसा नाही. २०२५ मध्ये बर्फच नसल्यानं खेलो इंडियाचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून ९ ते १२ मार्चवर ढकलावा लागला. शक्यतो तारीख बदलता येईल असं तिकीट काढा.
- आधी शिका: केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि माउंटेनिअरिंग संस्था गुलमर्गमध्येच आहे. कोर्स केल्याशिवाय दोराबाहेर जायचं नावही नको.
- तीन वस्तू: बीकन, प्रोब, फावडं. प्रत्येकाकडे हवीत आणि वापरताही यायला हवीत.
- बुलेटिन: निघायच्या दिवशी सकाळी हिमस्खलनाचा इशारा बघा. त्यात धोका मोठा असेल तर रेस बघा, फोटो काढा, हरीसा खा.
- सुरक्षा: एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर, बुकिंगआधी प्रशासनाच्या ताज्या सूचना तपासणं मस्ट.
- गाइड: स्थानिकच घ्या. आणि ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा, ‘‘गेल्या सीझनमध्ये किती वेळा लोकांना परत फिरवलंत?’’ उत्तर ‘एकदाही नाही’ असेल, तर दुसरा गाइड शोधा.