मॅग्नम काडतूस : मोठेपणा कशात?

‘मॅग्नम’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘मोठे’. युरोपात नेहमीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरच्या मद्याच्या बाटलीला हे नाव होते. तेथून ते काडतुसांच्या दुनियेत आले. चित्रपटांनी आणि रहस्यकथांनी या शब्दाभोवती असे वलय निर्माण केले, की मॅग्नम म्हणजे काही निराळेच अस्त्र, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुस्थिती साधी आहे, आणि ज्या घरी वडिलार्जित बंदूक आहे त्यांनी ती जाणून घेणे अगत्याचे आहे.

रिव्हॉल्व्हरचे उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘.३८ स्पेशल’ हे काडतूस निघाले. १९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘.३५७ मॅग्नम’ बाजारात आणले. आकड्यांवरून ही दोन निरनिराळ्या जाडीची वाटतात. परंतु दोहोंच्या गोळीचा व्यास एकच, सुमारे ९ मिलिमीटर. १५८ ग्रेन, म्हणजे सुमारे १० ग्रॅम वजनाची गोळी दोहोंत बसते. फरक आहे तो तिच्यामागील दाबात. साध्या काडतुसात दर चौरस इंचास सुमारे १७ हजार पौंड दाब मान्य असतो. मॅग्नममध्ये ३५ हजार. त्यामुळे चार इंची नळीतून साधी गोळी सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने सुटते, तर मॅग्नमची ३७५ मीटरच्या आसपास. वेग वाढला दीडपटीहून थोडा अधिक. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती अडीचपटीच्या पुढे जाते. हे फुकट मिळत नाही. हाताला बसणारा धक्का, आवाज आणि नळीच्या तोंडाशी उठणारी ज्वाळा, सारेच वाढते. आणि हात बिचकला की नेम चुकतो. चुकलेल्या गोळीची ऊर्जा कितीही असो, ती व्यर्थच; किंबहुना भलत्यालाच घातक.

येथे रचनाकारांनी एक शहाणपण दाखविले. मॅग्नमची पुंगळी त्यांनी सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब ठेवली. दारू मावावी हा हेतू त्यात नव्हता. एवढे जोरकस काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये, हा होता. साधे काडतूस मॅग्नमच्या हत्यारात चालते. उलट मात्र होऊ नये.

बारा बोअरच्या बंदुकीत ही सोय नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. येथे मॅग्नम म्हणजे अधिक वेग नव्हे, अधिक छर्रे. साध्या काडतुसात ३२ ग्रॅमच्या आसपास छर्रे असतात, तर ७६ मिलिमीटरच्या मॅग्नममध्ये ५० ग्रॅमहूनही अधिक असू शकतात. काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. तोंड दुमडलेले असताना ते आखूड असते, आणि म्हणून ६५ मिलिमीटरच्या जुन्या कोठीतही बिनतक्रार बसते. चाप ओढताच दुमड पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब भलताच चढतो. काडतूस आत गेले, म्हणजे ते चालते, हा समज म्हणूनच घातक ठरतो.

पुष्कळ जुन्या बंदुकींच्या नळ्यांच्या बुडाशी, खालच्या अंगास, कोठीची लांबी कोरलेली असते. ती स्वतः तपासण्याच्या भरीस न पडता परवानाधारक कारागिराकडून पाहून घ्यावी. परवानाधारक निवर्तल्यास वारसाने, स्वतःचा परवाना होईपर्यंत, हत्यार पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात तशी तरतूद आहे. आजोबांच्या कपाटात सापडलेली काडतुसेही त्याबरोबरच सुपूर्द करावीत. काडतुसाचे सामर्थ्य त्याच्या नावात नसते. ते पेलणारे पोलाद किती भक्कम, यावर सारे अवलंबून असते. पन्नास-साठ वर्षे भिंतीवर टांगलेल्या पोलादाची परीक्षा आपल्या डोळ्यांसमोर, गालाला दस्ता टेकवून घेण्यात शौर्य नाही.