गुरांचा न्यूमोनिया : प्रतिजैविक वेळेत आणि पुरते

गाईने वैरण सोडली, कान पाडले, नाकातून घट्ट शेंबूड येऊ लागला आणि कुशी भात्यासारख्या हलू लागल्या, की आधी थर्मामीटर लावा. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या वर गेले तर पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवा.

प्रवास, कोंदट गोठा किंवा विषाणूसंसर्गाने प्रतिकारशक्ती खालावली की पाश्चुरेला, मॅनहायमिया हे एरवी नाका-घशात राहणारे जिवाणू फुफ्फुसात उतरतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन, सेफ्टिओफर यांसारखी प्रतिजैविके त्यांना रोखतात. पण निकामी झालेले फुफ्फुस पूर्ववत करू शकत नाहीत. म्हणून उशीर नको.

मात्रा वजनावर ठरते. ताप उतरला म्हणून इंजेक्शने मध्येच थांबवू नका. दोन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना कळवा; औषध बदलावे लागू शकते. ताप-सुजेसाठी डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात. डायक्लोफेनॅक मात्र टोचू देऊ नका; ते गिधाडांच्या जिवावर उठल्याने जनावरांसाठी त्यावर भारतात २००६ पासून बंदी आहे.

धापणाऱ्या जनावराला नळ्याने तेल किंवा काढा पाजू नका. तो श्वासनलिकेत गेला तर दुखणे बळावते. औषधाच्या लेबलवर दिलेली मुदत संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नका.